मान हलेपर्यंत

शेख सिस्टर पेशंटला कधीही 'जा' म्हणत नसत.

हडपसरला गाडीतळाजवळ, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं क्लिनिक होतं. तीन खोल्या आणि एक लांबट व्हरांडा. पहिली खोली सिस्टरची. बीपी, शुगर, इंजेक्शन, ड्रेसिंग, सगळं तिथे. मधली डॉ. अभ्यंकरांची. जिन्याकडची शेवटची माझी, फिजिओथेरपीची. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस पावलं. दारांवर मोठ्या अक्षरांत नावं होती, चुकायला जागाच नव्हती. तरी सिस्टर प्रत्येक पेशंटबरोबर उठायच्या, त्याचा हात मनगटाच्या जरा वर धरायच्या आणि पुढच्या दारापर्यंत त्याच्या चालीनं चालायच्या. पेशंट लंगडत असेल तर त्याही सावकाश. कुणी तरुण मुलगा हात सोडवून घेऊ लागला तर म्हणायच्या, "लाजू नकोस, जावई म्हणून नेत नाहीये."

आत गेल्यावर त्या तीन गोष्टी सांगायच्या. पेशंटच्या समोर आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. पहिली, नाव. दुसरी, आज काय होतंय. आणि तिसरी, जी पेशंट स्वतः सांगणार नाही. मग समोरच्याला म्हणायच्या, "परत म्हणा." समोर मी असो नाहीतर डॉक्टर, तिन्ही गोष्टी परत म्हणाव्या लागत. त्यानंतर पेशंटकडे वळून, "बरोबर आहे?" पेशंटनं मान हलवेपर्यंत त्याचा हात सुटत नसे. मान हलली की हात सोडून त्या निघायच्या आणि मागे वळून बघायच्या नाहीत. मी एकदा विचारलं होतं, का नाही बघत म्हणून.

"वळून बघितलं की त्याला वाटतं, आपण अजून हिच्याकडेच आहोत," त्या म्हणाल्या.

डॉ. अभ्यंकर सांगायचे, की सुरुवातीला ते या प्रकाराला फार वैतागले होते. एकदा म्हणाले, "अहो सिस्टर, मी एमडी आहे." सिस्टर म्हणाल्या, "मग तुम्हाला अवघड जायचं नाही. म्हणा." डॉक्टरांनी म्हटलं. पुढे बावीस वर्षं म्हणत राहिले.

तिसरी गोष्ट सिस्टरना कशी कळायची, हे मला पुष्कळ दिवस उमगलं नव्हतं. त्या फारसं विचारायच्या नाहीत. बीपीचा पट्टा गुंडाळताना, कापसाचा बोळा दाबून धरताना गप्प बसायच्या आणि समोरच्याला बोलू द्यायच्या. एक आजी यायच्या, साखर कायम तीनशेच्या घरात. गोड सोडलंय, अगदी चहासुद्धा बिनसाखरेचा, असं शपथेवर सांगायच्या. सिस्टर त्यांना घेऊन आत गेल्या आणि म्हणाल्या, "नाव तुम्हाला माहीत आहे. आज चक्कर येतेय. तिसरं, पर्समध्ये आंबावडी आहे."

आजी उसळल्या. "तुला गं काय करायचंय माझ्या पर्सशी?"

"मला काही नाही. डॉक्टरांना करायचंय."

डॉक्टरांनी गंभीरपणे परत म्हटलं, "चक्कर येतेय. पर्समध्ये आंबावडी." सिस्टरनी विचारलं, "बरोबर आहे?" आजींनी आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, कारण मी दारात उभी होते. शेवटी मान हलवली.

सिस्टर ठेंगण्या होत्या. पांढरी साडी, खांद्यावर सेफ्टी पिन, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बारा महिने हातात घडीची छत्री. हात थंड असायचे आणि त्यांना स्पिरिटचा वास यायचा. नाना पेठेत त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या झाल्या होत्या. मराठी इतकं स्वच्छ बोलायच्या, की मी त्यांच्यासमोर तोंड उघडायला घाबरायचे. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. वानवडीच्या आमच्या घरात मराठी होतं, पण ते जेवणापुरतं आणि नातेवाइकांपुरतं. मला सगळं समजायचं. चार माणसांसमोर बोलायची वेळ आली, की वाक्य मधेच कुठेतरी मोडायचं आणि कान गरम व्हायचे. म्हणून मी चिठ्ठ्या लिहायचे. इंग्रजीत, नीट मुद्द्यांत, खाली सही करून. त्या फाइलला लावायचे आणि फाइल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून निघून यायचे.

पहिल्याच आठवड्यात सिस्टरनी माझी एक चिठ्ठी हातात घेऊन बघितली. "अक्षर सुरेख आहे तुझं, अदिती," त्या म्हणाल्या. "आता तोंडानं सांग."

मी हसून वेळ मारून नेली. त्यांनी आग्रह केला नाही. माझ्याकडून पेशंट डॉक्टरांकडे जायचा असला, की त्याच येऊन घेऊन जायच्या. तो व्हरांडा माझ्या वाट्याचा त्या चालत होत्या आणि मला ते सोयीचं होतं.

दुपारी आम्ही दोघी माझ्या खोलीत डबा खायचो. तिथेच एकदा त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. भाकरी मोडता मोडता, कालच्या बाजाराबद्दल सांगावं तसं. वडील बुकबाइंडर होते. शाळांची, दवाखान्यांची जाड रजिस्टरं बांधायचे. म्हातारपणी छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सिस्टर तेव्हा नर्सिंग शिकत होत्या, दुसऱ्या गावी. सकाळी वडिलांना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवलं. दोन वॉर्डांच्या मधल्या व्हरांड्यात स्ट्रेचर ठेवलं आणि आणणारा माणूस परत गेला.

"एका रजिस्टरात लिहिलं होतं, पाठवला. दुसऱ्यात होतं, यायचा आहे," सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही खरं होतं. अब्बा दुपारभर तिथेच होते. पाणी मागत होते म्हणे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, दुसऱ्या वॉर्डाचे आहेत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? संध्याकाळी कुणीतरी हात लावून बघितला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "रजिस्टरांची शिवण मात्र पक्की होती. अब्बांनीच बांधली असतील."

मी काही बोलायला हवं होतं. पण मला सुचेपर्यंत त्या हात धुवायला गेल्या होत्या.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी सिस्टरच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. इतक्या वर्षांत त्यांनी सलग चार दिवस रजा कधी घेतली नव्हती. जायच्या आदल्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"चार दिवस पेशंट तू सोपवशील?"

"हो," मी म्हणाले.

"तोंडानं?"

"हो, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी मान हलवली. तेव्हा त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी तात्या आले. तात्या लोणी काळभोरचे, थोडी शेती, गुडघेदुखीसाठी माझ्याकडे यायचे आणि हृदयाचे ठोके अनियमित म्हणून डॉक्टरांकडे. मोठा, गमत्या माणूस. व्यायाम मोजताना मुद्दाम आठनंतर एकदम दहा म्हणायचे. मी हसले की खूश व्हायचे. माझ्याशी लोक बोलतात. मी मधे बोलत नाही, म्हणून बोलत असावेत. त्या दिवशी तात्या पाय उचलता उचलता म्हणाले, "ताई, एक सांगू का? ती रगात पातळ करायची गोळी हाय न्हवं, ती सोडली म्या. पंधरा दिस झालं."

"का?"

"कोयता लागला बोटाला. दुपारधरनं सांजपातुर रगात थांबंना. भ्याव वाटलं. डॉक्टरला नगा सांगू. लई रागावत्यात."

ती गोळी कशासाठी असते हे मला माहीत होतं. ठोके अनियमित असले की हृदयात गुठळी होऊ शकते, ती मेंदूत जाऊ शकते. पुस्तकातलं ते पान मला पाठ होतं. मी तात्यांना समजावलं, की गोळी अशी एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगायलाच हवं. ते नुसते हसले. मी चिठ्ठी लिहिली. पेशंटनं अमुक गोळी पंधरा दिवसांपूर्वी स्वतःहून बंद केली आहे, कृपया तपासावे. खाली लाल शाईनं रेघ ओढली. मग मी उठले. तात्या माझ्या मागून येत होते. मी त्यांचा हात धरला नव्हता.

डॉक्टरांचं दार उघडं होतं. आत दोघं-तिघं बसले होते आणि डॉक्टर काहीतरी सांगून मोठ्यानं हसत होते. व्हरांड्यात मी वाक्य तयार केलं होतं. 'सर, तात्यांनी गोळी बंद केलीय.' चार-पाच शब्द. पण मागे तात्या उभे होते, समोर ती अनोळखी माणसं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय गं, काही आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर. फाइल," मी म्हणाले आणि फाइल टेबलावर ठेवून परत आले.

डॉक्टरांनी तात्यांचं बीपी बघितलं, गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या. तात्या हो म्हणाले.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी तोंड धुताना तात्या मोरीपाशी पडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

सिस्टर तेव्हा कामावर परतल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा. बातमी आली तेव्हा त्यांनी तात्यांची फाइल काढून घेतली आणि खिडकीपाशी नेऊन, चष्मा कपाळावर सारून, पानं उलटली. चिठ्ठी सापडली. त्या माझ्या खोलीत आल्या.

"तू डॉक्टरांना सांगितलंस?"

"लिहिलं होतं."

"ते नाही विचारलं."

मी जमिनीकडे बघत राहिले. सिस्टर चिठ्ठी फाइलमध्ये होती तिथे परत लावून निघून गेल्या.

दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. चिठ्ठी हातात धरून ते म्हणाले, "हे माझ्या टेबलावर होतं. मी वाचलं का नाही?"

"कारण बावीस वर्षं तुम्हाला वाचावं लागलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी सांगत होते. तुमची सवय मी मोडली. आणि मी नसताना कोण सांगणार, हे पक्कं करून मी गेले नाही. चूक माझी."

यातलं शेवटचं खरं नव्हतं. त्या पक्कं करून गेल्या होत्या. मी मान हलवली होती. हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. मी वर बघितलं असतं तर कदाचित बोलले असते. मी वर बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी सिस्टर हॉस्पिटलात जाऊन तात्यांच्या बायकोला भेटल्या. गोळी बंद असल्याचा निरोप आमच्या क्लिनिकमध्ये आला होता, तो डॉक्टरांपर्यंत पोचला नाही आणि याला आपण स्वतः जबाबदार, असं त्यांनी सांगितलं. काकू खूप बोलल्या म्हणे. सिस्टर ऐकून आल्या. तात्यांना घरी सोडल्यावर दर गुरुवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, त्या पीएमटीच्या बसनं लोणीला जायला लागल्या. बीपी बघायचं, पाठीला जखमा होत नाहीत ना ते बघायचं, काकूंना कूस बदलायला शिकवायचं. व्यायामाला गावातलाच एक जण यायचा. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

क्लिनिकमध्ये कॉम्प्युटर आले. पेशंट एकाकडून दुसऱ्याकडे गेला, की पडद्यावरच्या एका चौकोनात खूण करायची. सिस्टर बोटानं तो चौकोन दाखवून म्हणाल्या, "यात पेशंट मावतो का?" पण खूण करायच्या. आणि नंतर हात धरून चालायच्याच.

मी बोलायला लागले. दुसरा इलाजच नव्हता. पहिला पेशंट घेऊन गेले तेव्हा माझं वाक्य तीनदा मोडलं आणि डॉक्टरांनी ते न हसता परत म्हटलं. सिस्टर दारात होत्या. "मराठी चालेल तसं चालू दे," नंतर त्या म्हणाल्या. "डॉक्टरांकडे बघून बोलू नकोस. पेशंटकडे बघून बोल." एवढंच. त्या दिवसाचा विषय त्यांनी दीड वर्षात एकदाही काढला नाही. मला वाटायचं, एकदा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा आम्ही एकत्रच खायचो. पण त्या वडिलांचं किंवा घरचं काही सांगत नव्हत्या आणि मी विचारत नव्हते.

मग त्या निवृत्त झाल्या. मुलगी सोलापूरला होती, तिच्याकडे जायचं ठरलं. तिथे गेल्यावर आठ महिन्यांतच त्या वारल्या. आम्हाला चार दिवसांनी कळलं. पण मला हडपसरचे त्यांचे शेवटचे पंधरा दिवस जास्त लक्षात आहेत. ते पंधरा दिवस त्या जुने पेशंट एकेक करून आमच्याकडे सोपवत होत्या. नाव, दुखणं, तिसरी गोष्ट. काही म्हाताऱ्या रडल्या. सिस्टर म्हणायच्या, "रडा नंतर, आधी मान हलवा."

शेवटच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "गुरुवारी साडेनऊला गाडीतळावर ये. तात्यांचं आता तुझ्याकडे."

"सिस्टर, मला नको."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

गुरुवारी लोणीला बसमधून उतरल्यावर बांधावरून पाच मिनिटं चालायचं होतं. पुढे त्या, छत्री उघडून, मागे मी. पडवीत पत्र्याखाली बाजेवर तात्या टेकून बसले होते. निम्म्यानं कमी झाले होते. काकू खाली बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मला बघून तात्यांच्या डाव्या डोळ्यात ओळख आली आणि लगेच त्यांनी नजर वळवली.

सिस्टर बाजेच्या कडेला बसल्या. तात्यांचा डावा, चांगला हात त्यांनी एका हातात धरला. दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं, जरा वर. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता.

"अदिती, हे तात्या," त्या म्हणाल्या. "उजवा खांदा दुखतो, घास डाव्या बाजूनं भरवायचा. तिसरं. तात्यांना वाटतं, हे सगळं त्यांच्यामुळं झालं. गोळी सोडली म्हणून, आणि सांगू नका म्हणाले म्हणून. दीड वर्ष ते काकूंकडे सरळ बघत नाहीत. परत म्हण."

मी परत म्हटलं. तात्यांकडे बघून. 'काकूंकडे' म्हणताना आवाज गेला, पण म्हटलं. सिस्टरनी विचारायच्या आधीच तात्यांच्या गळ्यातून एक आवाज आला. काकूंचे हात जुडीवर थांबले.

"आता दुसऱ्या बाजूनं," सिस्टर म्हणाल्या. "तात्या, ही अदिती. हात हलका आहे, वेळेवर येईल. तिसरं. तुम्ही हिला गोळीचं सांगितलंत, तेव्हा ते डॉक्टरांना सांगायचं काम हिचं होतं. मी तसं सांगून गेले होते. ही दारापर्यंत गेली आणि बोलली नाही. कागद ठेवून आली. चूक माझी एकटीची, असं मी तुम्हाला सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. हे ती स्वतः सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय."

सिस्टरनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"बरोबर आहे?"

मी मान हलवली.

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग तात्यांचा हात माझ्या हातात दिला आणि त्यांना विचारलं, "तात्या? बरोबर आहे?"

तात्या माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याची एक बाजू लुळी होती आणि दुसरीवर काय होतं, ते मला वाचता येईना. सिस्टर थांबल्या. मी त्यांना म्हाताऱ्यांसाठी, रडणाऱ्या पोरांसाठी, बहिऱ्यांसाठी थांबताना बघितलं होतं, पण इतका वेळ नाही. तात्यांची मान हलली नाही.

सिस्टर उठल्या. काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, छत्री उचलली आणि पायरी उतरल्या.

मी त्यांना बांधावरून जाताना बघत राहिले. पांढरी साडी, पांढरे बूट, काळी छत्री. एकदा तोल गेला, सावरल्या. वळतील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. त्या मोठ्या रस्त्याला लागल्या, थांब्यावर उभ्या राहिल्या, बस आली आणि त्या चढल्या. वळल्या नाहीत.

तात्यांची मान अजून हलली नव्हती. मी हात सोडला नाही.